कासवाचे पाय

काल दुपारी जेवून पडवीत झोपाळ्यावर बसलो आणि तात्यांची (म्हणजे आजोबांची) जुनी गीताई (विनोबांनी मराठीत आणलेली गीता) उघडली, तर आत खुणेला घातलेलं लाईट बिल अजून तसंच, बरोबर दुसऱ्या अध्यायात, कासवाच्या श्लोकावर. ५८ वा. यदा संहरते चायं कूर्मोऽङ्गानीव सर्वशः, असा मूळ श्लोक मला लहानपणापासून पाठ. कासव अंग आत ओढतं तशी इंद्रियं आवरतो तो स्थितप्रज्ञ. तेवढं वाचेपर्यंत मी तीनदा मोबाईल बघितला, त्यात एकदा नुसती वेळ बघायला, समोर भिंतीवर घड्याळ असताना.

पण माझं या कासवाशी जुनं भांडण आहे. मागे मार्चमध्ये भाचीला घेऊन वेळासला गेलो होतो, पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला, तर तिथला पोरगा सांगत होता की समुद्री कासवाला मान न् पाय कवचात ओढताच येत नाहीत, पोहून पोहून पार वल्ही झालीत त्यांची. म्हणजे आमच्या किनाऱ्यावर येणारं ऑलिव्ह रिडले काही स्थितप्रज्ञ होत नाही, बसा. तेव्हापासून मला जरा बरं वाटतं. देवळातल्या दगडी कासवाचेही पाय बाहेरच असतात, बघा कधीतरी नीट.

६७ व्या श्लोकातली वाऱ्याने ओढून नेलेली नाव मात्र शंभर टक्के पटते. मे अखेरीला खाडीच्या तोंडाशी उभं राहिलेल्याला ती कोणी समजावून सांगायला नको.

तात्या रोज दुपारी हाच अध्याय वाचायचे. विनोबा गागोद्याचे, म्हणजे कुलाबा जिल्ह्यातले (आताचा रायगड), म्हणजे आपलेच, असा त्यांचा हिशोब. मांडीवर गीताई, हाताशी गलोल. वाचन रंगात आलं की कौलांवर धप्प! वानर. मग स्थितप्रज्ञ धोतर सावरत उठायचा तो वानरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत थेट परसातल्या फणसापर्यंत, आणि आम्ही पोरं खडे पुरवायला मागे. 'आपणच आपला उद्धार करावा' हे सहाव्या अध्यायात येतं, तात्यांनी वानरांपासून सुरुवात केलेली. आजी आतून विचारायची, "झाली का समाधी?" मग घाम पुसून, बिल काढून, पुढचा श्लोक. लाज वगैरे काही नाही.

कुठे होतो? हां, मन आवरणं. अर्जुन सरळ सांगतो की हे म्हणजे वारा धरण्यासारखं आहे, आणि कृष्ण त्याला खोटं पाडत नाही, अभ्यास आणि वैराग्य म्हणतो. तात्यांचा अभ्यास दांडगा होता, वैराग्य तेवढं फणसाच्या सीझनमध्ये जमायचं नाही.

शेवटच्या उन्हाळ्यात एकदा वानरं कौलांवर नुसती नाचत होती आणि तात्या झोपाळ्यावर बसून होते. आजीच बाहेर आली, खुंटीवरची गलोल काढून तिने त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती गीताईवर ठेवली आणि पाणी मागितलं.