तुम्ही अजून रोल का घालता?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि एकदा नाही, दर प्रदर्शनात विचारलंत म्हणून लिहितोय. "काय ओ, मोबाइलवर एका बोटात ब्लॅक अँड व्हाइट होतंय, मग तुम्ही अजून कॅमेऱ्यात फिल्मचा रोल का घालता?"

लग्नाची कामं मीही डिजिटलवरच करतो. त्याला मी कमी लेखत नाही. पूर्वी लेखायचो. एका नवख्या पोराला मी चारचौघांत म्हणालो होतो, डिजिटलवर काढलेला फोटो हा फोटोच नव्हे. पोरगं गप्प बसलं. ते बोलणं अजून टोचतं मला, कारण ते चूक होतं.

सोलापूरच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वज धरणाऱ्यांची पांढरी बाराबंदी जानेवारीच्या उन्हात तळपते. डिजिटलवर तो पांढरा एकदा फुटला की त्यातून काही परत येत नाही. निगेटिव्हवर उजेड जरा जास्त झाला तरी कापडाच्या चुण्या शिल्लक असतात. एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडणाऱ्या यंत्राखाली, तेवढ्या भागाला जादा सेकंद दिले की कागदावर उतरतात. अंधाऱ्या घरात मात्र सगळं उलटं. रोलला उजेड कमी पडला तर सावलीत काही उरतच नाही, डिजिटल तिथूनही बरंच उपसून काढतो. म्हणजे शहराच्या पूर्व भागातल्या घरात खड्डा मागावर बसलेल्या माणसासाठी डिजिटलच बरा. हे मला तेव्हाही माहीत होतं.

तरी 2016 च्या मे महिन्यात मी मामांकडे रोलच घेऊन गेलो. मामा आमच्या जुन्या गल्लीतले विणकर. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. माग मोडायचं ठरलं होतं, शेवटचं कापड चढलं होतं आणि त्यांनीच बोलावलं. दोन दिवस बसलो. धोटा, हात, खड्ड्यातले पाय. दोन रोल, 72 फोटो.

रोल धुताना डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, 20 अंशांवर ठेवायचा, आणि आपल्याकडे मेमध्ये पिंपातलं पाणी हाताला गरम लागतं. बर्फ फोडून टबात टाकला, सगळं लक्ष थर्मामीटरवर. बाटल्या दोन, दिसायला सारख्या. मी आधी हायपो ओतला.

हायपोचं काम उरलेले चांदीचे क्षार काढून टाकण्याचं. डेव्हलपरच्या आधी गेला तर तो सगळेच घेऊन जातो. टँक उघडला, दोन्ही पट्ट्या काचेसारख्या आरपार. कडेचे आकडेसुद्धा नाहीत. कॅमेरा बिघडला असता तर आकडे तरी उमटले असते. चूक माझ्या हातून झाली होती.

मामांचा फोन आला, "फोटो आले का रे?" मी म्हणालो, धुतोय. पुढच्या आठवड्यातही तेच सांगितलं. तीन आठवडे त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. गेलो तेव्हा माग नव्हता. जमिनीत खड्डा होता आणि भिंतीला लाकडं टेकवलेली. सांगून टाकलं. मामी काही न बोलता आत गेल्या. मामा बराच वेळ लाकडांकडे बघत राहिले. मग खड्ड्यात उतरून आपल्या जागेवर बसले आणि म्हणाले, "आता काढ." त्या दिवशी भीतीने मी डिजिटल नेला होता. फोटो चांगला आला. मांडीवर हात ठेवून बसलेला माणूस, समोर काहीच नाही. त्यांना हवा होता तो हा फोटो नव्हता.

म्हणजे तुमच्या प्रश्नावर माझ्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट माझ्याच विरोधात जाते. मी रोल नेला नसता तर मामांच्या भिंतीवर मागावरचे मामा असते.

मग का? लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या कागदावर चेहरा हळूहळू वर येतो तेव्हा मी त्याच्याकडे जसा बघतो तसा स्क्रीनवर बघत नाही. स्क्रीनवर मी दोनशेंतून निवडत बसतो. रोलवर पिवळा फिल्टर की लाल, हे बटण दाबण्याआधीच ठरवावं लागतं. तुम्ही म्हणाल, ही शिस्त डिजिटलवरही पाळता येते. येते की. माझ्याच्याने होत नाही. ही पळवाट वाटत असेल तर वाटू द्या, काही रात्री मलाही वाटते.

मध्यंतरी मामांच्या नातवाचं बारसं झालं. दोन्ही कॅमेरे नेले. मामांनी डिजिटलकडे बोट दाखवलं, "यातला लगेच दिसतो ना?" आधी त्यातच काढले. मग मामा आणि बाळ, रोलवर एक. त्या रोलमध्ये अजून अकरा शिल्लक आहेत. धुतलेला नाही.