आईचा श्वास मोजताना

आईला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार आहे. विडी-सिगारेटचा कधी संबंध नाही, उभा जन्म चुलीच्या धुरात गेला. खुब्याचं हाड मोडल्यावर तिचं घरी करणं होईना, म्हणून पुण्यातल्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. तिथल्या मावशी मायेच्या. पण ऑक्सिमीटरवर ९० दिसले की घाबरून कॉन्सन्ट्रेटरचा, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या यंत्राचा, फ्लो वाढवायच्या.

छातीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की आईच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, तिचा ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के एवढाच ठेवायचा. जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो आणि माणूस गुंगीत जातो. बघणाऱ्याला वाटतं, छान झोप लागलीय! मला याचीच सगळ्यात धास्ती होती. डॉक्टरांकडून ते आकडे लेटरहेडवर लिहून घेतले आणि पलंगाच्या डोक्याशी चिकटवले. तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की विसरलं जातं.

मग वही घातली. ऑक्सिजन, नाडी आणि मिनिटाला श्वास किती. ऑक्सिमीटर सगळे लावतात, श्वास मोजायला कुणाला सवड नसते. रात्रपाळीच्या मावशींना मी करून दाखवलं: नाडी बघतोय असं मनगट धरायचं, नजर आजींच्या छाती-पोटावर, सेकंदकाटा पुरा फिरेपर्यंत. श्वास मोजतोय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. बोटं गार असली तर ऑक्सिमीटरही चुकीचं दाखवतो, म्हणून आधी हात चोळून ऊब आणायची.

थंडीत एका रात्री वहीत ऑक्सिजन ८९, ताप नाही, पण श्वास एरवीच्या वीसवरून २८. बेडका हिरवट. संध्याकाळचा चहा तसाच. मावशींना ती विचारत होती, "तू कुणाची गं?" त्यांनी सकाळची वाट न बघता मला फोन लावला. एक्स-रेत न्यूमोनिया निघाला. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येतोच असं नाही. कधी आधी भ्रम होतो, जेवण सुटतं. बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, लावावं लागलं, पण व्हेंटिलेटर टळला. मावशींचे हे उपकार मी विसरणार नाही.

आता त्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या वहीत श्वासाचा रकाना आखलाय. रविवारी बदली माणूस असतो तेव्हा हा रकाना कोराच राहतो. मॅनेजरबाईंशी त्यावर बोलणं चालू आहे.