आसोचं विवर बंद होतं त्या दिवशी

जपानच्या क्यूशू बेटावर पर्यटकांचा मराठी गट घेऊन गेलो होतो. बस आसो ज्वालामुखीवरच्या कुसासेन्री या पठाराला पोचली, तेव्हा त्याचं नाकादाके हे जागृत विवर वायूमुळे बंद होतं. एक काका नाराज झाले. "अहो, विवर बघायला आलो. दगड आपल्याकडे काय कमी आहेत?"

मी आधी ज्वालामुखीच्या इशाऱ्याची पातळी पाहिली. पातळी २ असती तर विवराभोवतीचा सुमारे एक किलोमीटरचा परिसर बंदच असता आणि थांबण्यात अर्थ नव्हता. पातळी १ होती, म्हणजे अडचण फक्त सल्फर डायऑक्साइडची. वारा फिरला की तो वायू तासाभरातही हटतो. तेवढ्यात सगळ्यांना ज्वालामुखी संग्रहालयात नेलं. विवर तिथून तीनेक किलोमीटरवर आहे.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर आतल्या आसोच्या प्रतिकृतीतच होतं. सह्याद्रीचा बसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेला. आसोत मात्र प्रचंड स्फोट झाले आणि खालून पोकळ झालेली जमीन खचली. सर्वांत मोठा स्फोट सुमारे ९०,००० वर्षांपूर्वीचा. त्यातून उरलेला काल्डेरा, म्हणजे खचून झालेला भलामोठा खळगा, उत्तर-दक्षिण सुमारे २५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम १८. त्याच्या पोटात आज गावं आहेत, भातशेती आहे, रेल्वे धावते. प्रतिकृतीशी गट बराच वेळ रेंगाळला, आणि ते योग्यच होतं. विवराच्या काठावरून हा आवाका कळत नाही.

पडद्यावर विवराचं थेट चित्रण चालू असतं. त्यात वाफ कुठे कलते ते बघायचं. ती पाहण्याच्या जागेवरून हटली, आणि थोड्या वेळाने विवराचा काही भाग खुला झाला.

दमा, ब्रॉन्कायटिस किंवा हृदयविकार असलेल्यांना वर विवरापाशी मनाई आहे. खिशात दम्याचा पंप असला तरी नाहीच. अशा दोघांना संग्रहालयातच थांबवलं. इथे भीड ठेवून चालत नाही. बाकीच्यांना ओले रुमाल दिले, कारण हा वायू पाण्यात विरघळतो. तो हवेच्या दुपटीहून जड असल्याने खोलगट जागा टाळायच्या. काठावरचे काँक्रीटचे निवारे उडत्या दगडांपासून वाचवतात; १९५८च्या उद्रेकात इथे १२ जणांचा जीव गेला होता. पण त्या निवाऱ्यांत वायू अडत नाही.

हिरवट पाणी दिसलं, फोटो झाले, आणि वायूच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. मी सगळ्यांना तोंडावर रुमाल धरायला लावून, न धावता, वाऱ्याच्या आडव्या दिशेने बसकडे नेलं. धावलं की श्वास खोल जातो. दार बंद करण्यापूर्वी डोकी मोजली.