यूटाचा बारा नंबरचा रस्ता

ठाण्यात आमच्या सोसायटीतले बरेच जण मुलाबाळांकडे अमेरिकेला जातात, आणि परतल्यावर बहुतेकांच्या फोनमध्ये लास व्हेगास आणि ग्रँड कॅन्यन यांचेच फोटो असतात. ग्रँड कॅन्यन भव्य आहे, यात वाद नाही. पण तिथे आपण काठावर उभे राहून दरीत पाहतो, तर यूटा राज्यातला बारा क्रमांकाचा महामार्ग आपल्याला त्या खडकांच्या कुशीतून नेतो. म्हणून भाच्याने सुट्टीत कुठे जायचे असे विचारले, तेव्हा मी याच रस्त्याचे नाव घेतले.

पँग्विचजवळ सुरू होऊन टोरी गावाशी संपणारा हा रस्ता सुमारे २०० किलोमीटरचा आहे. न थांबता तीन तासांत पार होईल, पण तसे करणे म्हणजे पंगतीला बसून नुसते पाणी पिऊन उठण्यासारखे आहे. सुरुवातीलाच रेड कॅन्यनमध्ये लाल खडकातून खोदलेल्या दोन कमानींखालून गाडी जाते आणि थोड्याच वेळात ब्राइस कॅन्यनचा फाटा येतो. ब्राइसचा काठ आठ-नऊ हजार फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून कितीतरी उंच आहे. तिथे वर्षातून दीडशेहून अधिक रात्री तापमान गोठणबिंदूखाली उतरते. दिवसा भेगांत शिरलेले पाणी रात्री गोठून फुगते, खडक फोडते, आणि त्यातूनच तिथले ते हजारो गुलाबी-केशरी सुळके घडले आहेत.

प्रदेश कोरडा असला, तरी ज्या रूपासाठी आपण तिथे जातो ते घडवले आहे पाण्यानेच. खडकांचा लालपणा लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे कोकणातल्या जांभ्याला रंग देणाऱ्या घटकाचाच आहे. मात्र आमच्या ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, तर याच रस्त्यावरच्या एस्कलांटे गावाच्या परिसरातला नवाहो नावाचा वालुकाश्म त्याहून कितीतरी जुना, सुमारे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचा आहे. रस्त्याकडेच्या एका उघड्या कड्याजवळ मी बराच वेळ उभा राहिलो. त्यावर तिरप्या बारीक रेषांचे थर होते, एका थराचा उतार डावीकडे तर वरच्या थराचा उजवीकडे, आणि बोट फिरवले की कण सुटून हाताला लागत होते. त्या रेषा म्हणजे वाऱ्याने रचलेल्या टेकड्यांचे उतार. भाचा गाडीत बसून हॉर्न वाजवत होता, ते सोडा.

एस्कलांटेनंतरचा हॉगबॅक हा या प्रवासाचा कळस आहे. डोंगराच्या अरुंद धारेवरून रस्ता जातो, दोन्ही बाजूंना खोल दऱ्या आणि कठडा नाही. माळशेज घाटात निर्धास्त गाडी हाकणारेही इथे गप्प होतात. पुढच्या बोल्डर गावाचे टपाल १९४०च्या आसपासपर्यंत खेचरांच्या पाठीवरून येत असे, हे हॉगबॅक ओलांडल्यावर सहज पटते. त्यानंतर रस्ता बोल्डर माउंटनवर ९,६०० फुटांपर्यंत चढतो. सप्टेंबरअखेरीस तिथे अ‍ॅस्पेनची पाने पिवळीधमक झाली होती आणि त्यांच्या पलीकडे लाल पठार दूरवर पसरलेले दिसत होते.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. एस्कलांटेला टाकी भरून घ्यावी आणि नकाशे आधीच डाउनलोड करावेत, कारण मधल्या बऱ्याच भागात फोनला रेंज नसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अरुंद घळींत उतरण्याआधी केवळ डोक्यावरचे आकाश पाहू नये, तर पुराचा इशारा आहे का याची चौकशी करावी. पाऊस कित्येक मैल दूर पडलेला असतो, पण उघड्या खडकावर पाणी मुरत नसल्याने लोंढा निरभ्र आकाशाखालीही येतो. येऊरच्या ओढ्यांना पावसाळ्यात अचानक येणारे पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

मुक्काम टोरीला करावा. तिथून जवळच कॅपिटल रीफ उद्यानातल्या फ्रूटा या जागी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतकऱ्यांनी लावलेल्या फळबागा आजही राखल्या आहेत. हंगामात पिकलेली फळे तोडून बागेतच खाल्ली तर फुकट, बाहेर न्यायची तर वजन करून पैसे आपणच पेटीत टाकायचे. आम्ही पिशवीभर सफरचंदे घेतली.