जादूगारांचा जुना संघ, २८ मिमी: झगे पूर्ण, जादूच्या दंडाच्या उजेडाचं काम सुरू

रंगवायला घेतलेल्या सुमारे २८ मिमी उंचीच्या सात छोट्या मूर्ती: एक प्रमुख, चार जाणते, दोन शिष्य. सगळ्या रेझिनच्या. झगे एकाच निळ्याचे ठेवलेत, फक्त शिष्यांचे नवेकोरे आणि प्रमुखाचा विटून राखाडीकडे गेलेला. संघ शतकानुशतकं जुना आहे हे सोनेरी काठांपेक्षा विटलेल्या कापडातून जास्त पटतं.

तयारी थोडक्यात. रेझिनवर साच्याचा तेलकट थर राहतो, म्हणून कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ टूथब्रश. तो थर राहिला तर प्रायमर (रंगाआधी मारायचा अस्तराचा थर) पुढे सालीसारखा निघतो. वाकलेला दंड गरम पाण्यात बुडवायचा, सरळ करायचा आणि लगेच गार पाण्यात धरायचा. प्रमुखाचा दंड मात्र कापून टाकला आणि मुठीला १ मिमीचं भोक पाडून पितळी तार बसवली; इतका बारीक रेझिनचा दंड हाताळताना तुटतोच. घासताना सँडपेपर ओला हवा आणि तोंडावर मास्क हवा, ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

प्रायमर आधी सगळीकडून काळा, मग ४५ अंशांतून पांढरा, अंतर २० ते २५ सेंमी. जास्त लांबून मारला तर रंग हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. सहा मूर्तींवर पांढरा वरून आला. प्रमुखावर तो दंडाच्या टोकाच्या बाजूकडून मारला, म्हणजे उजेड कुठे पडणार याचा नकाशा आयता मिळतो. त्याचा फोटो काढून ठेवावा, दोन थरांनंतर तो नकाशा झाकला जातो.

झग्याच्या सावलीला काळा वापरला नाही. अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळला की खोल, जिवंत काळोख मिळतो. हायलाइटला, म्हणजे उजळ कडांना, पांढऱ्याऐवजी फिकट बदामी, कारण पांढऱ्याने निळा खडूसारखा दिसतो. ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसू देणारा पातळ थर, एक भाग रंगाला पाच भाग पातळ द्रव: अर्धं पाणी, अर्धं मॅट मीडियम (रंग नसलेला, चमक न देणारा बांधणारा द्रव). नुसत्या पाण्याने रंगातला बांधणारा घटक विरळ होतो आणि कडेला डाग उमटतात. ब्रश टिश्यूवर टिपून घ्यायचा आणि फटकारा सावलीकडे संपवायचा. ब्रश जिथे उचलला जातो तिथेच रंग जास्त साठतो.

आता उजेड. सगळ्या मूर्तींचं यश इथेच ठरणार आहे. प्रमुखाच्या दंडाच्या टोकापासून त्याचा चेहरा सुमारे ८ मिमीवर आहे, झग्याची खालची किनार ३२ मिमीवर. अंतर चौपट, म्हणजे उजेड सोळावा हिस्सा. म्हणून गाल, भुवया, दाढीची एक बाजू आणि मूठ उजळायची. किनारीला जवळजवळ हात लावायचा नाही. टोक शुद्ध पांढरं, त्याभोवती फिकट फिरोजी, पुढे गडद फिरोजी ग्लेझ. दंडाकडे पाठ असलेल्या प्रत्येक घडीला उजेड शून्य. टोकापेक्षा दुसरं काहीही जास्त चमकलं की सगळा परिणाम कोसळतो.

तरीही तेज कमी वाटलं, तर उजेडाचा आणखी थर चढवू नये. आजूबाजूला अल्ट्रामरीन-अंबरची ग्लेझ देऊन कापड काळोखात ढकलावं. जादूचं सामर्थ्य त्या काळोखातून दिसतं, आणि चांगली रंगवलेली मूर्तीही इथेच फसते, कारण मेहनतीने उजळवलेला झगा झाकवत नाही. फ्लुरोसंट रंग टाळलेत: ते पारदर्शक असतात, खाली पांढरा मागतात आणि उन्हात लवकर उडतात.

चार जाणत्यांचे दंड विझलेलेच राहतील. एकाच गटात पाच दिवे लागले तर प्रमुखाकडे नजर जाणार नाही.

बाकी आहे ते शिष्यांचे बेस (मूर्तीखालच्या चकत्या) आणि वॉर्निश. आधी सगळीकडे मॅट, दोन पातळ थर, हवा कोरडी असतानाच, नाहीतर पांढरट धुकं धरतं. मग दंडाच्या स्फटिकावर आणि डोळ्यांवर ब्रशने ग्लॉस.