नायक कोणाच्या मालकीचा? ब्रुसेल्समध्ये राहून वाचलेल्या चित्रकथा

ब्रुसेल्सच्या दक्षिण रेल्वे स्थानकाजवळ एका जुन्या इमारतीच्या माथ्यावर टिनटिन आणि त्याचा पांढरा कुत्रा यांचे भव्य मुखवटे १९५८ सालापासून उभे आहेत. ही इमारत लोम्बार या प्रकाशनसंस्थेची, म्हणजे १९४६ मध्ये टिनटिनच्या नावाने साप्ताहिक सुरू करणाऱ्यांची. शहरात पुढे चालत गेले तर घरांच्या आंधळ्या भिंतींवर चित्रकथांमधील प्रसंग मजला-दोन मजले उंचीचे रंगवलेले दिसतात. हा उपक्रम १९९१ पासून चालू आहे. व्हिक्टर ओर्ता या थोर वास्तुशिल्पीने १९०६ मध्ये कापडाच्या एका व्यापाऱ्यासाठी बांधलेल्या वखारीत १९८९ पासून चित्रकथांचे संग्रहालय आहे. या शहरात राहू लागल्यापासून मी चित्रकथा नव्याने वाचू लागले, आणि त्यांच्याकडे पाहण्याची माझी सवय हळूहळू बदलली. त्या बदलाविषयी मला लिहायचे आहे.

माझ्या पिढीतील अनेक मराठी वाचकांची चित्रकथांशी पहिली ओळख इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ आणि मँड्रेक यांच्यामुळे झाली. हे दोघेही ली फॉक या अमेरिकी लेखकाने १९३०च्या दशकात वृत्तपत्रांसाठी निर्माण केलेले नायक होते. त्यामुळे मुखवटा, अचाट सामर्थ्य आणि दुष्टांचा नायनाट ही नायकाची लक्षणे आपल्या मनात अमेरिकेकडून आली, आणि पुढे चित्रपटांनी ती आणखी पक्की केली. गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने टिनटिनचे एक पुस्तक चाळून पहिला प्रश्न विचारला तो हाच: "मावशी, याच्याकडे पॉवर काय आहे?" मी सांगितले की काहीच नाही, हा एक तरुण बातमीदार आहे. त्यावर त्याने विचारले, "मग तो जिंकतो कसा?"

प्रश्न अगदी योग्य होता. टिनटिन बारकाईने पाहतो, हट्टाने माग काढतो आणि मित्रांना सोडत नाही, एवढ्यावर तो जिंकतो. फ्रेंच चित्रकथांमधील अ‍ॅस्टेरिक्सला अफाट बळ येते हे खरे, परंतु ते गावच्या वैद्याने शिजवलेल्या काढ्याचे असते आणि तो काढा साऱ्या गावासाठी असतो. लढाई संपली की गाव एकत्र जेवायला बसते. बेल्जियन चित्रकथांमधील स्पिरू हा तर हॉटेलात सामान उचलणारा पोरगा. तरीही अमेरिकी आणि युरोपीय या दोन परंपरांमधील फरक सामर्थ्याच्या मोजमापात संपतो असे मला वाटत नाही. माझ्या मते मुळाचा प्रश्न वेगळा आहे: हा नायक कोणाच्या मालकीचा आहे, आणि त्याची गोष्ट संपवण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

क्लीव्हलंडमधील जेरी सीगल आणि जो शस्टर या दोन तरुण मित्रांनी सुपरमॅन निर्माण केला आणि १९३८ मध्ये त्याचे सर्व हक्क १३० डॉलरना प्रकाशकाला विकले. पुढे त्या नायकाने प्रकाशकाला अमाप संपत्ती मिळवून दिली, तर निर्माते कोर्टकचेऱ्या करत आणि हालाखी सोसत म्हातारे झाले. १९७५ मध्ये, सहकारी चित्रकारांनी जाहीर आवाज उठवल्यानंतर, दोघांना वार्षिक वीस हजार डॉलरचे मानधन आणि आपल्या निर्मितीवर आपले नाव परत मिळाले. हा अन्याय आहे हे उघड आहे, आणि तो वाचताना मला आजही संताप येतो. मात्र त्या कराराचे परिणाम प्रत्येक पानावर उमटलेले आहेत, हे माझ्या उशिरा ध्यानात आले. नायक कंपनीची मालमत्ता झाला की त्याची गोष्ट संपणे कंपनीला परवडत नाही. लेखक बदलतात, चित्रकार बदलतात, पण नायक म्हातारा होत नाही. १९९२ मध्ये सुपरमॅनचा मृत्यू दाखवला गेला, त्या अंकासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या, आणि पुढच्याच वर्षी तो परतला. अनेक दशकांच्या कथानकांचा गुंता आवरेना तेव्हा १९८५-८६ मध्ये त्या कंपनीने बारा अंकांच्या एका महाकथेत आपली अनेक विश्वे नष्ट करून सारे नव्याने मांडायला घेतले. शेवट करता येत नसल्यामुळे आरंभच पुन्हा पुन्हा करावा लागतो, असे या परंपरेचे झाले आहे.

याउलट एर्जे या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉर्ज रेमी यांनी १० जानेवारी १९२९ रोजी ब्रुसेल्सच्या एका वृत्तपत्राच्या बालपुरवणीत टिनटिनची पहिली पाने छापली, आणि १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा टिनटिनही थांबला. दुसऱ्या कोणी तो पुढे चालवू नये अशी त्यांची इच्छा होती. शेवटची अपूर्ण गोष्ट त्यांच्या कच्च्या रेखाटनांसह आहे तशी प्रसिद्ध झाली, आणि तिचे अखेरचे पान मधेच तुटते. तेवीस पूर्ण पुस्तके आणि एक अपूर्ण, एवढे सारे टिनटिन एका फळीवर मावते. वाचक त्याच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाऊ शकतो आणि एका माणसाची रेषा चोपन्न वर्षांत कशी घडत गेली हे पाहू शकतो. सुपरमॅनच्या बाबतीत असे वाचन कल्पनेतही शक्य नाही.

अर्थात युरोपात सर्वत्र असेच घडते असे म्हणणे खरे ठरणार नाही. स्पिरू हा प्रकाशकाच्या घरचा नायक. १९३८ मध्ये तो एकाने निर्माण केला, नंतर इतरांनी काढला, आणि त्याला खरा बहर आला तो आंद्रे फ्रांकाँ यांच्या हाती, १९४६ नंतरच्या दोन दशकांत. फ्रांकाँ यांनी त्याच मालिकेत १९५२ मध्ये लांबलचक शेपटीचा पिवळा मार्सुपिलामी आणला, आणि मालिका सोडताना स्पिरू प्रकाशकाकडे राहिला तरी मार्सुपिलामी मात्र त्यांच्याकडेच राहिला. एकाच चौकटीत शेजारी उभी असलेली दोन पात्रे, एक संस्थेचे आणि एक चित्रकाराचे, हे दृश्य अमेरिकी मुख्य प्रवाहात त्या काळी अशक्य होते. अ‍ॅस्टेरिक्सचे लेखक गोसिनी १९७७ मध्ये गेल्यावर चित्रकार उदेर्झो यांनी तो एकट्याने चालवला आणि २०१३ मध्ये नव्या जोडीकडे सोपवला. नव्या पुस्तकांत रेषा हुबेहूब आहे, विनोदही नेटका आहे, पण गोसिनींच्या संवादांतील चपळाई मला त्यांत आढळत नाही.

मालकीइतकाच पानांचा आकार आणि प्रसिद्धीचा वेग महत्त्वाचा आहे. अमेरिकी अंक पातळ, मासिक, वीस-बावीस पानांच्या कथेचा. दर महिन्याला तो बाजारात जायलाच हवा, म्हणून काम वाटून घेतलेले: एक जण पेन्सिलने काढतो, दुसरा त्यावर शाई फिरवतो, तिसरा रंग भरतो, चौथा फुग्यांतील अक्षरे लिहितो. युरोपातील पुस्तक मोठ्या आकाराचे, पुठ्ठ्याच्या बांधणीचे, बहुधा अठ्ठेचाळीस पानांचे असते, आणि त्यासाठी एक किंवा दोन माणसे वर्षभर किंवा अधिक काळ राबतात. पूर्वी ही कथा आधी साप्ताहिकातून पानापानाने येई, त्यामुळे प्रत्येक पानाच्या उजव्या तळाच्या चौकटीत काहीतरी अर्धवट राखलेले असे: दार उघडते आहे, कोणी ओरडले आहे, टिनटिन दचकून मागे पाहतो आहे. आज संपूर्ण पुस्तक एका बैठकीत वाचतानाही ती जुनी आठवड्याची लय बोटांना जाणवते, आणि पान उलटण्याची घाई होते.

एर्जे यांची रेषा सर्वत्र सारख्या जाडीची, छायेविना, रंग सपाट. माणूस, खुर्ची, मोटार आणि डोंगर यांना त्यांनी समान आदराने काढले. 'काळे बेट' ही कथा ब्रिटनमध्ये छापण्यापूर्वी तेथील प्रकाशकाने तीत ब्रिटिश जीवनाविषयीच्या १३१ चुका दाखवल्या, तेव्हा एर्जे यांनी आपल्या सहकाऱ्याला तिकडे पाठवून गणवेश, आगगाड्या आणि इमारती टिपून आणायला लावल्या आणि १९६६ मध्ये संपूर्ण पुस्तक नव्याने काढून प्रसिद्ध केले. ही निष्ठा मला फार मोलाची वाटते. अमेरिकी चित्रकार जॅक कर्बी यांच्या पानांवरचा जोर निराळा आहे. तेथे मूठ चौकट फोडून वाचकाच्या तोंडावर येते, देह अशक्य कोनातून झेपावतो, आणि कधीकधी अख्खे पान एकाच चित्राला दिलेले असते. ज्या चित्रकाराला दिवसाला कित्येक चौकटी उरकाव्या लागत होत्या, त्याने अशा घाईतून ही भाषा शोधली. अमेरिकी चित्रकथेला उथळ म्हणणारे माझे येथील काही परिचित कर्बी यांची पाने नीट पाहत नाहीत, असे मी आग्रहाने म्हणेन.

पुस्तक टिकते, तसा त्यातील दोषही टिकतो. १९३०-३१ मध्ये लिहिलेल्या टिनटिनच्या काँगो प्रवासात आफ्रिकी माणसे ज्या प्रकारे काढली आहेत ती पाने मला सहन होत नाहीत. वसाहतीच्या अनुभवातून आलेल्या देशातील वाचकाला ती परकी वाटूच शकत नाहीत, कारण त्या काळातील युरोपीय चित्रांत आपणही असेच दिसत होतो. मूळ कथेत टिनटिन काँगोच्या मुलांना "तुमचा देश बेल्जियम" असे शिकवतो. १९४६ च्या रंगीत आवृत्तीत एर्जे यांनी तेथे गणिताचा तास घातला, पण बाकी दृष्टी तशीच राहिली. पुस्तकाच्या विक्रीवर बंदी मागणारा दावा ब्रुसेल्सच्या न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळला, आणि ते आजही दुकानात मिळते. तरीही याच एर्जे यांनी १९३४ मध्ये ब्रुसेल्समध्ये शिकणाऱ्या चांग या चिनी शिल्पकाराच्या सहवासात चीनविषयीची कथा लिहिली आणि तिथपासून परक्या देशाकडे पाहण्याची त्यांची रीत बदलली. काँगोचे पुस्तक फळीवर राहिल्यामुळेच हा प्रवास केवढा मोठा होता हे कळते.

परदेशी राहताना मला सर्वाधिक विचार करायला लावले ते निर्मात्यांच्या जन्मकथांनी. सीगल आणि शस्टर ही यहुदी स्थलांतरितांची मुले. जॅक कर्बी यांचे मूळ नाव जेकब कुर्त्झबर्ग, आणि तेही न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतील स्थलांतरितांच्या घरी वाढलेले. सीगल आणि शस्टर यांनी रचलेला सुपरमॅन नष्ट झालेल्या जगातून येतो, दोन नावांनी जगतो, दिवसा चारचौघांसारखे दिसण्याचा प्रयत्न करतो आणि आपले मूळ लपवतो. मुंबईत असताना मला हे केवळ कथानकाचे चातुर्य वाटत असे. आता, कार्यालयात माझे नाव सोपे करून उच्चारले जाते आणि घरी पाऊल टाकताच ते पूर्ववत होते, तेव्हा त्या दुहेरी आयुष्यामागची निकड मला कळते. कर्बी आणि जो सायमन यांनी कॅप्टन अमेरिकाला हिटलरच्या तोंडावर ठोसा मारताना दाखवले ते अमेरिका युद्धात उतरण्याच्या सुमारे वर्षभर आधी. त्या ठोशात त्यांचे स्वतःचे भय आणि क्रोध होता.

आश्चर्य असे की अ‍ॅस्टेरिक्सचे निर्मातेही स्थलांतरितांचीच मुले. गोसिनी पॅरिसमध्ये जन्मले तरी पूर्व युरोपातून आलेल्या यहुदी आईवडिलांचे पुत्र, ब्युनोस आयर्समध्ये वाढलेले आणि काही वर्षे न्यूयॉर्कमध्ये धडपडलेले. उदेर्झो इटालियन कुटुंबातले. या दोघांनी मात्र मुखवटा घातलेला एकाकी वीर रचला नाही. त्यांनी समुद्रकाठी एक गाव वसवले, तेथे भांडकुदळ मासेविक्रेता, बेसूर गायक आणि ढालीवर मिरवणारा प्रमुख आणून बसवला, आणि त्यांच्या नायकाला प्रत्येक प्रवासानंतर घरी परतण्याचा हक्क दिला.

युरोपात महानायक रुजले नाहीत याला वाचकांची आवड हे एकच कारण नव्हते. फ्रान्सने १६ जुलै १९४९ रोजी बालवाचकांच्या प्रकाशनांसाठी कायदा केला आणि देखरेखीसाठी आयोग नेमला. नीतिरक्षणाबरोबर परदेशी चित्रकथांचा लोंढा रोखणे हाही त्यामागचा हेतू होता. १९६९ मध्ये लियाँच्या एका प्रकाशकाने कर्बी आणि लेखक स्टॅन ली यांच्या कथा एका मासिकातून फ्रेंचमध्ये आणल्या, तेव्हा आयोगाच्या दबावामुळे ते सातव्या अंकानंतर बंद पडले. पुढच्या वर्षी नव्या नावाने आलेले मासिक तगले, पण त्यातील चित्रांवर मारामारी सौम्य करण्यासाठी हात फिरवलेला असे. बाजारपेठेला मिळालेल्या त्या संरक्षणाचा येथील चित्रकारांना लाभ झाला हे मान्य करूनही, मुलांनी कर्बी यांची पाने पुसट करून वाचावीत हे मला पटत नाही.

भाच्याला मी शेवटी टिनटिनचा तिबेट प्रवास वाचायला दिला. त्यात टिनटिन वाटेत दिल्लीला थांबतो, कुतुबमिनार पाहतो, आणि पुढे विमान अपघातात हरवलेल्या मित्राला शोधायला हिमालयात जातो. त्या संपूर्ण पुस्तकात एकही खलनायक नाही. दोन दिवसांत त्याने ते दोनदा वाचले. ज्यांना दोन्ही परंपरा एकत्र पाहायच्या असतील त्यांनी १९८८ मध्ये स्टॅन ली यांनी लिहिलेली आणि मोबियस या फ्रेंच चित्रकाराने काढलेली सिल्व्हर सर्फरची छोटी कथा मिळवावी. कर्बी यांनी निर्माण केलेला हा चकाकता अंतराळवीर मोबियसच्या शांत, बारीक रेषेत येतो आणि बराच वेळ एका शहराच्या रस्त्यांवर फाटक्या कपड्यांतला बेघर माणूस होऊन हिंडतो. लकी ल्यूक, स्पिरू, तसेच ब्लेक आणि मॉर्टिमर यांची पुस्तके सिनेबुक या ब्रिटिश प्रकाशनाने इंग्रजीत आणली आहेत. ब्लेक आणि मॉर्टिमर घेताना मात्र त्यांचे मूळ निर्माते एडगर जेकब्स यांच्या हातची पुस्तके आधी वाचावीत, नंतरच्या लेखकांची मागाहून.