लायपेजच्या आकड्याचं टेन्शन घेऊ नका, लघवी किती होतेय ते विचारा

घरात कुणाला पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाला सूज) झाला की आधी फॅमिली ग्रुपवर रिपोर्टचा फोटो येतो, "लायपेज २४०० आलंय, आता काय?" अहो, लायपेज म्हणजे स्वादुपिंडातलं एक पाचक द्रव्य, रक्तातल्या त्याच्या आकड्यावरून आजार किती गंभीर आहे ते कळतच नाही! पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखतंय, कळ थेट पाठीत जातेय, आणि लायपेज नॉर्मलच्या तिप्पट किंवा जास्त आहे, एवढ्यावर निदान होतं. पुढे रोज तीच टेस्ट करून हाती काही लागत नाही.

होतं काय, तर जठराच्या मागे असलेलं स्वादुपिंड पाचक रस बनवतं आणि ते रस आतड्यात पोचल्यावरच कामाला लागायला हवेत, पण पित्ताचा खडा सरकून नळीच्या तोंडाशी अडकला किंवा दारूने पेशी बिघडल्या की ते आतच सुरू होतात आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला घेतं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १००० च्या वर गेले तरी होतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. (आणि पेशंटकडे "पीत होता वाटतं" अशा नजरेने बघणं बंद करा, खडे हे अगदी कॉमन कारण आहे.)

खरी परीक्षा पहिल्या दोन दिवसांत. सूज अंगभर पसरली की रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं, बीपी पडतं, किडनीला रक्त कमी पडतं, धाप लागते. म्हणून सिस्टर सारखी लघवीची पिशवी बघते, ऑक्सिजन बघते, डॉक्टर क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) बघतात. एखादा अवयव ४८ तासांपेक्षा जास्त वेळ बंद राहिला तर तो सिव्हिअर, हा आजार किती गंभीर ते ठरवणाऱ्या २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणात हेच धरलंय. बहुतेक पेशंट मात्र माइल्डच असतात, सलाइन, दुखण्याचं औषध आणि जमेल तसं लवकर खाणं एवढ्यावर बरे होतात.

काहींमध्ये स्वादुपिंडाचा भाग मरतो, त्याला नेक्रोसिस म्हणतात, आणि इथे नातेवाइकांचा धीर सुटतो, "सडलंय तर कापून काढत का नाही?" कारण सुरुवातीला मेलेलं आणि जिवंत एकमेकांत मिसळलेलं असतं, घाईने हात घातला तर रक्तस्रावाची भीती. साधारण ४ आठवड्यांत त्याभोवती भिंत धरते, म्हणून होईल तितकं थांबतात. त्यात इन्फेक्शन झालं तर अँटिबायोटिक, मग लागलं तर बाहेरून नळी टाकून पू काढायचा, तेवढ्याने भागलं नाही तरच मेलेला भाग काढायचा. नुसतं पाणी साचून झालेली पिशवी, म्हणजे सुडोसिस्ट, तर पुष्कळदा आपोआप जिरते. ताप परत आला, पोट फुगलं, उलट्या थांबेनात तर मात्र घरी बसू नका.

वारंवार झालं तर तेलकट, चिकट शौच, वजन घटणं, डायबिटिस हे मागे लागतं. पचनाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल लिहून दिल्या असतील तर त्या जेवतानाच घ्यायच्या, जेवण झाल्यावर आठवलं म्हणून नाही. आणि खड्यांमुळे झालेला माइल्ड अटॅक असेल तर घरी सोडायच्या आधीच "पित्ताशय याच अ‍ॅडमिशनमध्ये काढताय का?" हे सर्जनला विचारून घ्या, कारण ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत घरी बसलं तर तेवढ्यात दुसरा खडा सरकू शकतो.